सोने, कोयंडा आणि जकातीची यादी

वाळूज औद्योगिक वसाहतीच्या बजाजनगरात १५ मे २०२५ च्या पहाटे एका उद्योजकाच्या बंगल्यावर दरोडा पडला. घरची मंडळी परदेशी गेलेली होती. घर राखायला थांबलेल्या माणसाला शस्त्राचा धाक दाखवून बांधून ठेवले गेले आणि सुमारे साडेपाच किलो सोने, ३२ किलो चांदी व ७० हजार रुपये रोख घेऊन दरोडेखोर निघून गेले. सराफ बाजाराच्या हिशेबाने हे साडेपाचशे तोळे झाले. पोलिसांनी काही दिवसांतच माणसे पकडली. त्याच महिन्याच्या अखेरीस एक संशयित पोलिसांच्या गोळीबारात ठारही झाला. परंतु पहिल्या काही आठवड्यांत सोन्याचा मोठा भाग हाती लागला नव्हता. ज्यांना पकडले त्यांत घराची खबर पुरवल्याचा संशय असलेला एक ओळखीचा माणूसही होता, असे वर्तमानपत्रांत छापून आले.

आमचे वाचक साडेपाचशे तोळ्यांचे धनी नाहीत, हे आम्हास ठाऊक आहे. रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी येथे राहणारे फॅब्रिकेशनवाले, शिंपी, गॅरेजवाले, किराणा-कापडाचे दुकानदार, भंगाराचा व्यापार करणारे, यांच्या घरी दहा-पंधरा तोळे असतील तर पुष्कळ झाले. पण उद्योजकाचे साडेपाचशे तोळे गेले तरी त्याचा कारखाना उभा राहतो. कारागिराचे बारा तोळे गेले की मुलीचे लग्न, मशीनचा हप्ता आणि अडीअडचणीची पुंजी हे तिन्ही एका रात्रीत जाते. म्हणून या आठवड्यात बाजारभाव बाजूला ठेवून आम्ही घराच्या राखणीचा विषय घेत आहोत.

चोराला दार दिसण्याआधी बातमी मिळते

वाळूजच्या प्रकरणात सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आम्हाला हीच वाटते. घरात काय आहे आणि घर कधी रिकामे आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय कोणी एवढे धाडस करीत नाही. या दोन्ही गोष्टी आपण स्वतःच सांगत असतो.

आपल्या समाजात हजला जाणाऱ्याला निरोप देण्याची सुंदर रीत आहे. दावत होते, गळ्यात हार पडतात, मोहल्ला स्टेशनापर्यंत सोडायला जातो. यात वाईट काही नाही. पण हाजी साहेब चाळीस दिवस नाहीत, भाभीजानही सोबत आहेत, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, ही माहिती त्या दिवशी शंभर लोकांना होते आणि त्या शंभरांतून पुढे कोठे जाते ते कोणी सांगू शकत नाही. त्यात आता मोबाईल आला. विमानतळावर पोहोचताच चार जणांचा फोटो स्टेटसवर चढतो. फोटो परत आल्यावर टाकला तर उमऱ्याच्या सवाबात काही घट होत नाही.

लग्नाचेही तसेच. जहेजचा देखावा करण्याबद्दल आमचे उलेमा वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. दीनी बाजू त्यांनी सांगितली आहे, आम्ही फक्त व्यापारी बाजू सांगतो. दागिने खाटेवर मांडून बिरादरीला दाखवले जातात, कोणी त्याचे चित्रीकरण करते आणि ते पन्नास मोबाईलवर फिरते. ज्या घरात मांडणी झाली त्या घराचा पत्ता लग्नपत्रिकेवर छापलेलाच असतो.

वाळूजला आणखी एक गोष्ट आहे. ही वसाहत शिफ्टवर चालते. बजाज ऑटोचा कारखाना येथे १९८५ साली सुरू झाला, त्याच्या मागे शेकडो लहान-मोठे उद्योग आले आणि त्या सर्वांचे भोंगे मोहल्ल्याला पाठ झाले. नवरा दुसऱ्या शिफ्टला, बायको माहेरी, म्हणजे दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत घर बंद, हे चहाच्या टपरीवर उभे राहूनही कळते. यावर उपाय एकच आणि तो जुनाच: शेजारी. ज्याच्याशी सलाम-दुआ आहे त्या शेजाऱ्याला आपली वेळ माहीत असावी आणि आपल्याला त्याची. दारात साचलेली वर्तमानपत्रे, दुधाच्या पिशव्या, दिवसाउजेडी जळणारा बाहेरचा दिवा, हे शेजाऱ्याने एका मिनिटात आवरता येते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ओळखीच्या माणसाने खबर दिली असे कोठे छापून आले की लोक सरसकट नोकर, ड्रायव्हर, बिहार-बंगालहून आलेले कारागीर यांच्याकडे संशयाने पाहू लागतात. वाळूजच्या दरोड्यात घर राखणाऱ्यालाच बांधून घातले होते, हे विसरू नये. बदगुमानी करू नका हा कुरआनचा हुकूम (सूरह अल-हुजुरात, आयत १२) मालकालाही लागू आहे. भाडेकरू किंवा कामगार ठेवताना त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात नोंद करा आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याच्यासमोर दागिने मोजू नका, एवढे पुरे.

कुलूप शाबूत, कोयंडा तुटलेला

घरफोडीची बातमी वाचली तर एक वाक्य बहुतेक वेळा भेटते: दाराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला. कुलूप तोडून असे फार क्वचित असते. याचे कारण कोणत्याही सुताराला किंवा वेल्डिंगवाल्याला विचारा. लोक पाचशे-सातशे रुपयांचे मजबूत कुलूप आणतात आणि ते ज्या कोयंड्यात अडकवतात तो पातळ पत्र्याचा, चार लहान स्क्रूंवर लाकडात बसवलेला असतो. कटावणी घातली की स्क्रू लाकडासकट बाहेर येतात आणि कुलूप तसेच लटकत राहते. पंढरपूरच्या तिठ्यावरील आमच्या ओळखीचे एक फॅब्रिकेशनवाले गमतीने म्हणतात की लोकांनी बैल दोरखंडाने बांधला आणि दोरखंड ओल्या मातीत खुंटी ठोकून अडकवला.

उपाय स्वस्त आहे. कोयंडा जाड पट्टीचा घ्यावा आणि स्क्रूऐवजी दाराच्या आरपार जाणारे बोल्ट घालावेत. आतील बाजूस पट्टी किंवा मोठे वॉशर ठेवून नट आवळावा आणि बोल्टचे टोक हातोडीने ठोकून बसवावे, म्हणजे नट बाहेरून किंवा आतूनही सहज फिरत नाही. बोल्टचे डोके बाहेरच्या बाजूस गोल असावे, पान्याला पकड मिळता कामा नये. चौकटीकडची बाजूही तितकीच भक्कम हवी. दार शिसवीचे आणि चौकट वाळवीने खाल्लेली, असा प्रकार जुन्या घरांत पुष्कळ दिसतो. दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर असतात. त्या वेल्डिंगने बंद करून घ्याव्यात.

त्याहून बरे म्हणजे बाहेर लटकणारे कुलूप असूच नये. लटकलेले कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. दारात बसणारे मॉर्टिस कुलूप किंवा लॅच असेल तर घर बंद आहे की आतून लावले आहे हे रस्त्यावरून कळत नाही. घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. लटकत्या कुलपांसाठी आयएस २७५ आणि दारात बसणाऱ्या मॉर्टिस कुलपांसाठी आयएस २२०९ अशी मानके आहेत. ओट्यावर मिळणाऱ्या निनावी कुलपांत कित्येकदा एकाची किल्ली दुसऱ्याला लागते, दुकानातच तपासून पाहावे.

कुलपाचा धंदा आपल्या लोकांना परका नाही. अलीगढची कुलपे देशभर जातात आणि त्या कारखान्यांत मुस्लिम कारागिरांचा हात मोठा आहे. आठशे वर्षांपूर्वी, १२०६ साली, अल-जजरी या यंत्रकाराने आपल्या ग्रंथात अक्षरे जुळवून उघडणाऱ्या चार चकत्यांच्या कुलपाचे वर्णन करून ठेवले आहे. ज्याला आज नंबरलॉक म्हणतात त्याचा हा पूर्वज. आपल्या मुंबईत गोदरेजने १८९७ मध्ये कुलपांपासूनच सुरुवात केली, तिजोऱ्या नंतर आल्या. फुटपाथवर बसून किल्ल्या बनवणाऱ्या आपल्या बांधवांना मात्र आमचे एक सांगणे आहे. साबणावर किंवा मेणावर उठवलेला ठसा घेऊन कोणी आला तर किल्ली करून देऊ नका. घरी बोलावून कुलूप उघडायला सांगितले तर नाव, पत्ता, मोबाईल नंबर एका वहीत लिहून सही घ्या. पन्नास-शंभर रुपयांच्या कामासाठी पोलीस ठाण्याच्या फेऱ्या घालायची वेळ आली तर त्या वहीचाच आधार मिळतो.

वाळूजकडच्या रो-हाऊसमध्ये पुढचे दार कितीही मजबूत केले तरी गच्ची राहून जाते. गच्च्या एकमेकींना लागून असतात. एका रिकाम्या घराच्या जिन्याने चढले की पाच घरे ओलांडता येतात आणि जिन्याचे दार बहुधा प्लायवूडचे, एका कडीवर. ते दार पुढच्या दाराइतकेच जाड हवे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरची सगळी मंडळी गच्चीवर झोपायला जातात आणि खालचे दार नुसते लोटलेले असते. पंखा चालू, दिवा चालू, कपाटाची किल्ली कपाटालाच. चोराला यापेक्षा अधिक काय हवे? वर झोपायचे असेल तर खालचे दार कुलूप लावून आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपावे. रात्र झाली की दारे बंद करा, दिवे विझवा, ही शिकवण हजरत मुहम्मद (स.) यांनी देऊन ठेवलेलीच आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही हदीसही आपल्या लहान मुलांना पाठ असते.

खिडकीच्या जाळीबाबत दोन शब्द. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बाहेरून उचलून रुळातून काढता येते, तेव्हा जाळी लागतेच. ती लाकडी चौकटीवर स्क्रूने न बसवता तिचे पाय भिंतीत सिमेंटने पुरून घ्यावेत. सळई भरीव घ्यावी, पोकळ पाइप हॅक्सॉच्या पात्याला दोन मिनिटे टिकतो.

पण जाळीने घराचा पिंजरा होता कामा नये

हा भाग आम्ही मुद्दाम वेगळा लिहीत आहोत. ३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मृत्यू पावले. त्यानंतर ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे शहराच्या छावणी भागात खालच्या मजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून मरण पावले. ते रमजानचे दिवस होते. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

खाली दुकान आणि वर घर, किंवा कारखान्यातच कारागिरांची झोपण्याची सोय, ही आमच्या कित्येक वाचकांची रीत आहे. माल राखला जातो, भाडे वाचते. अशा जागी चोराच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना पक्की जाळी आणि शटरला बाहेरून कुलूप लावले तर आगीच्या वेळी तीच जाळी जीव घेते. म्हणून प्रत्येक मजल्यावर एका तरी खिडकीची जाळी बिजागरीवर आतून उघडणारी करून घ्या. त्या जाळीचे कुलूप आतून, आणि किल्ली जवळच, हात पोहोचेल पण बाहेरून काठी पोहोचणार नाही अशा ठिकाणी टांगलेली. घरातल्या लहान मुलांनाही ती जागा माहीत हवी. माणसे आत झोपली असता बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत तर ताबडतोब बंद केली पाहिजे. आमच्या मते तो गुन्हाच आहे, मग कायद्यात त्याला काही का नाव असेना.

जाळी बनवणारे आमचे वेल्डर बांधव गिऱ्हाइकाने मागितले नाही तरी उघडणाऱ्या जाळीचा खर्च सांगू लागले, तर त्यांचे काम वाढेल आणि कोणाचा जीवही वाचेल.

कपाट, बँक आणि व्याजाची अडचण

आता आतल्या मालाकडे वळू. पत्र्याचे कपाट, मग ते कोणत्याही मोठ्या कंपनीचे असो, कपडे ठेवण्यासाठी केलेले असते. त्यातील लहान लॉकर मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरनेही वाकतो. लहान तिजोरी घेतली आणि ती भिंतीत किंवा फरशीत आतून अँकर बोल्टने जखडली नाही, तर चोर ती तशीच उचलून नेतो आणि फुरसतीने फोडतो. जखडलेली तिजोरी चोराचा वेळ खाते, आणि चोराजवळ वेळच कमी असतो. सोने लपवण्याच्या जागा, म्हणजे तांदळाचा डबा, गादी, देव्हारा किंवा कुरआनचे कपाट, माठाखालचा कोपरा, या आपल्या आजीला जितक्या ठाऊक होत्या तितक्याच चोरालाही ठाऊक आहेत.

आमच्या बांधवांपैकी बरेच जण व्याजापासून दूर राहावे म्हणून बँकेपासूनच दूर राहतात आणि रोकड घरात ठेवतात. भिशीचे पैसे, कारागिरांचा पगार, माल खरेदीची रक्कम, सगळे एका पिशवीत. नियत चांगली आहे, पण बँकेत चालू खाते नावाची वस्तू आहे आणि त्यावर व्याज मिळतच नाही. लॉकर तर निव्वळ भाड्याची जागा आहे. तेव्हा घरात लाख-दोन लाख ठेवण्यास दीनी कारण उरत नाही.

लॉकर घेताना मात्र एक गोष्ट माहीत असू द्या. बँका लॉकरसाठी मुदत ठेव मागतात. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या सूचनांप्रमाणे, नवीन लॉकर देताना तीन वर्षांचे भाडे आणि लॉकर फोडण्याचा खर्च निघेल एवढीच ठेव मागता येते. जुन्या लॉकरधारकांकडून, किंवा ज्यांचे खाते व्यवस्थित चालू आहे अशांकडून, तिचा आग्रह बँकेने धरू नये असेही त्यात आहे. ज्यांना व्याजाची ठेव नको असेल त्यांनी भाडे आगाऊ भरण्याची तयारी लेखी दाखवावी आणि शाखाधिकाऱ्याशी शांतपणे बोलावे. पाच-दहा लाखांची ठेव किंवा विमा पॉलिसी घेतली तरच लॉकर, असे कोणी सांगितले तर ते नियमात बसत नाही.

लॉकरमध्ये ठेवले म्हणजे सगळी जबाबदारी बँकेची, हाही गैरसमज आहे. पूर्वी तर बँका हात वर करीत. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी अमिताभ दासगुप्ता यांच्या खटल्यात बँकांना असे हात झटकता येणार नाहीत असे सांगितले आणि नियम करण्यास सांगितले. त्यातून आलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. हिशेब करा. भाडे तीन हजार असेल तर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला, म्हणजे तीन तोळ्यांचीही भरपाई नाही. भूकंप, पूर, वीज यांची जबाबदारी तर बँकेवर नाहीच, जर बँकेची हलगर्जी नसेल. तरीही घरातील पत्र्याच्या कपाटापेक्षा लॉकर कितीतरी सुरक्षित आहे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

तीन वर्षे सलग भाडे थकले तर बँकेला ठरलेल्या पद्धतीने लॉकर फोडता येतो. सात वर्षे लॉकर वापरला नाही आणि धारकाचा पत्ता लागला नाही तर भाडे भरलेले असले तरी उघडता येतो. आखातात नोकरीस गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. वारस म्हणून नाव नोंदवण्यात आळस करू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरसाठी एकापाठोपाठ एक अशी चार नावे देता येतात. अर्थात नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वाटणी शरीयतच्या हिश्श्यांप्रमाणेच व्हायची असते.

विम्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत. जेद्दाहच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याच्या पद्धतीस मान्यता दिली. तशी सोय आपल्या देशात सहज मिळत नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून निर्णय घ्यावा. ज्यांनी पॉलिसी घेतलेली आहे त्यांनी तीन गोष्टी वाचाव्यात. एक, दागिने स्वतंत्रपणे किमतीसह नोंदवले आहेत काय. दुसरी, घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते, कारण हजचे चाळीस दिवस पुष्कळ पॉलिसींच्या मर्यादेबाहेर जातात. तिसरी, बळजबरीने प्रवेशाची अट. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात म्हटले आहे की पॉलिसीत तशी व्याख्या असेल तर तोडफोडीची खूण नसलेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही. दार उघडे ठेवून गेलेल्याला हा निकाल महाग पडेल.

जकातीची यादी

हे सगळे करूनही चोरी होऊ शकते. झाली तर पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, काय काय गेले? आणि बहुतेक घरांत याचे उत्तर नसते. अम्मी म्हणतात हार पाच तोळ्यांचा, भाभी म्हणतात साडेचार, पावती कोणाजवळच नाही. मग फिर्यादीत अंदाजे लिहिले जाते. पुढे कधी चोराकडून सोने जप्त झाले तरी ते आपलेच आहे हे सिद्ध कसे करायचे?

गंमत अशी की दरवर्षी रमजानमध्ये आपण हे काम अर्धे करतोच. सोने बाहेर काढतो, वजन करतो, निसाब पाहतो, जकातीचा आकडा काढतो आणि कागद फेकून देतो. तो कागद फेकू नका. जकातीची यादी हीच घराची मालमत्ता-यादी आहे, फक्त ती थोडी नीट लिहायची. प्रत्येक दागिना एका ओळीत: कोणाचा आहे, काय आहे, वजन, कॅरेट, कोणत्या सराफाकडून, कोणत्या वर्षी. मेहेरचा आहे की मुलीच्या नावचा, हेही. वजन तोळ्यांत न लिहिता ग्रॅममध्येच लिहावे. साडेसात तोळ्यांचा जो निसाब आपण म्हणतो तो जुन्या, ११.६६४ ग्रॅमच्या तोळ्याचा आहे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. चांदीचे साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. सराफ बाजारात आता तोळा दहा ग्रॅमचा धरतात. त्यामुळे तोळ्याने लिहिलेली यादी जकातीतही चुकते आणि पंचनाम्यातही.

१ एप्रिल २०२३ पासून सराफाला सोन्याचा हॉलमार्क दागिना सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. हा क्रमांक दागिन्यावर बारीक कोरलेला असतो आणि प्रत्येक नगाचा वेगळा असतो. भिंगाने पाहून तो यादीत उतरवा, बीआयएस केअर या ॲपवर तो खरा आहे काय तेही तपासता येते. सोने वितळवले की क्रमांक जातो हे खरे, पण न वितळवता सापडलेल्या दागिन्यावर याहून पक्की खूण नाही. जुन्या दागिन्यांना क्रमांक नसतो, त्यांचा पुढून-मागून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. डाग, सांधा, बदललेली कडी यांचा जवळून फोटो घ्या. यादी आणि फोटो फक्त त्याच मोबाईलमध्ये ठेवू नका, चोर मोबाईलही नेतो. एक प्रत दुसऱ्या घरी राहणाऱ्या भावाकडे किंवा लॉकरमध्येच असावी.

यादी केली तर आयकरवाले मागे लागतील, ही भीती अनेकांच्या मनात असते आणि त्यापायी लोक फिर्यादीत दहाऐवजी चार तोळेच लिहून घेतात. उरलेल्या सहा तोळ्यांवर मग हक्कच सांगता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची सूचना सांगते की झडतीच्या वेळीसुद्धा विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. आमच्या बहुतेक वाचकांची पुंजी याच्या आतलीच आहे. खरे तेच लिहावे.

ज्यांच्या घरी दुसऱ्याचे सोने असते, म्हणजे दागिने घडवणारे कारागीर, किंवा बहिणीचे, शेजारणीचे सोने विश्वासाने सांभाळणारे, त्यांनी तर ही वही ठेवलीच पाहिजे. हिजरतच्या रात्री मक्केच्या लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले गेले होते. कोणाचे काय आहे याचा हिशेब तेव्हाही चोख होता. देण्याघेण्याचे लिहून ठेवा हा तर सूरह अल-बकराच्या आयत २८२ चा विषय आहे. हलगर्जी नसताना अमानत चोरीस गेली तर सांभाळणाऱ्यावर भरपाई येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराबाबत फुकहांत मतभेद आहेत, आणि उघड्या कपाटात ठेवलेले सोने हलगर्जीत मोडले तर नवल नाही.

चोरी झाल्यावर

घर फुटलेले दिसले तर आत धावू नका, कशाला हात लावू नका. ११२ क्रमांकावर फोन करा. पसरलेले कपडे आवरण्याचा बायकांचा स्वभाव असतो, पण बोटांचे ठसे त्याच कपाटावर असतात. कॅमेरा असेल तर चित्रण जिथे साठते तो डबा चोराने नेला नाही ना ते पाहा, आणि पुढच्या वेळी तो दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली ठेवू नका.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. मोबाईल किंवा संगणकावरून दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. राहत्या घरातील चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोड घेणारे सराफ आणि तांबे-पितळेचे भंगार घेणारे यांनी कलम ३१७ लक्षात ठेवावे: चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे समजण्यास कारण असून, घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. निम्म्या भावात कोणी सोने विकायला आणतो तेव्हा कारण समोरच उभे असते. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही याशिवाय व्यवहार करू नये.

माल सापडला तरी तो वर्षानुवर्षे मालखान्यात पडून राहतो, अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकली आहे. तसे व्हायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात सांगितले की पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन मौल्यवान वस्तू मालकाला लवकर परत द्याव्यात. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुदतच घातली आहे: माल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णन तयार करायचे, फोटो किंवा चित्रण करायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत तो कोणाला द्यायचा याचा आदेश करायचा. यासाठी मालकाने वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत फिर्यादीची प्रत, सराफाची पावती आणि रमजानमध्ये केलेली ती यादी जोडावी. पावती हरवली असेल तर ज्या सराफाने दागिना घडवला त्याच्या वहीतील नोंदीचा उतारा घेता येतो. सराफाकडे जुन्या वह्या किती वर्षे राहतील याचा नेम नाही, म्हणून तो उतारा आत्ताच काढून ठेवलेला बरा.